नागुरा उनोसुके उडाला होता

माझा थोरला भाऊ उनोसुके यंत्रात बसून हवेत उडाला, तेव्हा ते बघायला आम्ही तिघंच होतो. एक मी. दुसरा गेन्बा नावाचा म्हातारा नावाडी. तिसरे इसोगाई त्सुनेजी, म्हणजे दादाचे लहानपणापासूनचे मित्र आणि माझे यजमान. गेन्बा म्हातारा त्याच वर्षीच्या पुरात वाहून गेला. मी पडले बाई, त्यातून सख्खी बहीण. साक्ष द्यायला उरले एकटे माझे यजमान.

आता मी म्हातारी झाले. गावातल्या शाळेत मुलांना सांगतात की आपल्या भागात पहिलं विमान अकुत्सु मालकांच्या जावयाने उडवलं. मुलं घरी येऊन मला ते सांगतात आणि मी ऐकून घेते. पण एकदा सगळं नीट सांगून टाकावं असं हल्ली फार वाटतं.

आमचे वडील मागाचे सुतार. आमच्या एन्शू भागात घरोघरी माग. मागाची लाकडं झिजतात, तुटतात, त्यामुळे सुताराला बसायला फुरसत नसायची. दादा आठव्या वर्षापासून रंधा मारायला लागला. हात चांगला, पण डोकं कायम दुसरीकडे. वडील म्हणायचे, "हा पोरगा लाकूड कापतो तेव्हा लाकडाकडे बघतच नाही. एक दिवस स्वतःचं बोट कापेल आणि मलाच विचारेल, हे कोणाचं?"

दादा एकोणीस वर्षांचा होता आणि मी बारा वर्षांची, तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या दाराला बाहेरून लावायची मोठी लाकडी झडप बनवली होती, ती पोचवायला आम्ही निघालो. दादाने झडप दोरीने पाठीला बांधली होती. हिवाळ्यात आमच्याकडे डोंगरावरून कोरडं वारं सुटतं, ते माणसाला सरळ उभं राहू देत नाही. तेन्र्यू नदीच्या लांबलचक लाकडी पुलावर आम्ही मधोमध आलो आणि वाऱ्याचा एक झपाटा असा आला की दादाचे पाय पुलावरून सुटले. मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या कमरेइतका वर गेला, दोन पावलं पुढे जाऊन कठड्यावर आपटला. मी किंचाळले. मला वाटलं, गेला हा नदीत.

दादा उठला, कपाळातून रक्त वाहत होतं, आणि मला म्हणाला, "किसे, झडप तिरकी होती ना? नीट आठव. वरची बाजू पुढे होती का मागे?"

"दादा, तुझं डोकं फुटलंय!"

"डोक्याचं राहू दे गं. वरची बाजू कुठे होती?"

मी रडत रडत म्हणाले, "मागे." तो इतका खूश झाला की गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत शीळ घालत होता. झडपेला चीर गेली होती, त्याबद्दल गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, तेव्हाही त्याचं लक्ष नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला ते वेड लागलं. दिवसा माग, आणि उरलेल्या वेळात पंख. बांबूच्या कामट्या आणि कागद, मग हलकं लाकूड आणि कापड. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरून तो पंख घेऊन उड्या मारायचा. दोनदा हात मोडला, एकदा बरगडी. गावातले लोक त्याला डोमकावळा म्हणायचे. "काय डोमकावळे, आज कुठल्या झाडावर?" असं दुकानात कोणी विचारलं की तो सरळ मनाने उत्तर द्यायचा, "आज वारा नाही हो." लग्न करायला त्याला सवड झाली नाही.

त्सुनेजींचं सायकलचं दुकान होतं. दोघं एका गल्लीत वाढलेले. दादाला लोखंडातलं काही कळायचं नाही, त्सुनेजींना लाकडातलं. चाकं, पोलादी नळ्या, खिळे-स्क्रू सगळं त्सुनेजींचं काम. ते आमच्या घरी इतके असायचे की वडिलांनी शेवटी माझं लग्नच त्यांच्याशी लावून दिलं. दादा म्हणाला, "बरं झालं. आता हा जेवायला येतो तेव्हा मला लाज वाटणार नाही." त्सुनेजी हसले. मीही हसले. नवरा म्हणून ते वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. मी आजारी पडले तर पेज करायचे. मूल झालं नाही म्हणून कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

दादाचा खरा शोध कुठला, ते सांगते. हवेत यंत्र एका अंगाला कलंडायला लागलं की ते सावरायचं कसं, हे कोणालाच जमत नव्हतं. मागाला खाली दोन लांब लाकडी पट्ट्या असतात. विणणारी बाई त्या आळीपाळीने पायाने दाबते, एक दाबली की वरचे अर्धे धागे उचलले जातात, दुसरी दाबली की उरलेले. आम्ही त्यांना पायपट्ट्या म्हणायचो. एकदा मी विणत बसले होते आणि दादा शेजारी बसून माझ्या पायांकडे बघत होता. बराच वेळ. मी म्हटलं, "काय बघतोस रे? माझ्या मोज्याला भोक पडलंय, माहीत आहे मला."

तो म्हणाला, "थांबू नकोस. दाब. आता दुसरी दाब."

महिन्याभरात त्याने दोन्ही पंखांच्या टोकांना बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या बसवल्या आणि त्यांच्या दोऱ्या बसायच्या जागेखाली दोन पायपट्ट्यांना आणून बांधल्या. उजवी दाबली की यंत्र उजवीकडे झुकायचं, डावी दाबली की डावीकडे. पंखांचं कापड मी विणलं. इतकं घट्ट की त्यातून फुंकर जायची नाही. त्याला आम्ही काकी नावाच्या झाडाच्या कच्च्या फळांचा तुरट रस चोपडला. आठवडाभर आमच्या अंगाला त्याचा वास येत होता.

इंजिन मात्र आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. ते दिलं कापडगिरणीच्या अकुत्सु मालकांनी. त्यांच्याकडे एका मोटारबोटीचं जुनं इंजिन पडून होतं. "घेऊन जा," म्हणाले, "उडालात तर मला आधी दाखवायचं, एवढंच." दादाने जमिनीला कपाळ टेकवून आभार मानले.

मेइजी राजवटीच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, फेब्रुवारीत, एका सकाळी आम्ही यंत्र नदीच्या पात्रात नेलं. हिवाळ्यात पाणी आटतं आणि वाळूचं मैदान उघडं पडतं. मैदानाच्या पुढच्या अंगाला पाण्याचा एक फाटा होता, त्याच्यापलीकडे पुन्हा वाळू. बेत असा होता की फाट्याच्या अलीकडेच दहा-वीस पावलं वर जायचं आणि उतरायचं. दादाने गवती चपला काढून वाळूत ठेवल्या. विणणाऱ्या बाया जशा चपला काढून पट्ट्या दाबतात, तसंच त्याला बसायचं होतं.

त्सुनेजी म्हणाले, "दुसरी फेरी माझी हं. विसरू नकोस."

"तुझीच," दादा म्हणाला. "फक्त आधी मला जिवंत परत येऊ दे."

इंजिन लागलं. यंत्र वाळूवरून उड्या मारत गेलं आणि मग उड्या थांबल्या. चाकं फिरत होती पण वाळू उडत नव्हती, हे मला आधी कळलं. मग चाकांखाली उजेड दिसला. यंत्र वर गेलं, बांबूच्या शेंड्याइतकं वर. एकदा डावीकडे कलंडलं, मी तोंडावर हात ठेवला, पण ते सावरलं. दादा थांबलाच नाही. फाटा ओलांडून पलीकडच्या वाळूवर गेला आणि बऱ्याच अंतरावर उतरला. उतरताना इंजिनाच्या पंख्याचं एक पातं मोडलं.

मी जागची हलले नाही. पण त्सुनेजींनी वाळूतल्या दादाच्या चपला उचलल्या आणि धावत सुटले. फाट्यात छातीपर्यंत पाणी होतं, बर्फासारखं. ते चपला डोक्यावर धरून त्यातून पार गेले. पलीकडे जाऊन त्यांनी दादाला मिठी मारली. दोघं लहान पोरांसारखे वाळूत लोळत होते. नंतर गेन्बा म्हाताऱ्याने नाव आणली आणि यंत्र दोन खेपांत अलीकडे आणलं. तो सारखा म्हणत होता, "आयुष्यभर माणसं पाण्यावरून नेली. आता माझा धंदा बसवणार हा डोमकावळा."

पातं दुरुस्त व्हायला दोन महिने गेले. त्सुनेजी रोज विचारायचे, "माझी फेरी कधी?" दादा टाळायला लागला. कधी वारा नाही, कधी दोरी बदलायची आहे. एकदा जेवताना त्सुनेजींनी पुन्हा विषय काढला, तेव्हा दादा म्हणाला, "अरे, तू माझ्यापेक्षा किती जड आहेस! आधी तो तिसरा वाडगा खाली ठेव, मग बघू."

मी हसले. खरं सांगते, मी मोठ्याने हसले. त्सुनेजींनी वाडगा खाली ठेवला आणि त्या दिवशी त्यांनी पुढे काही खाल्लं नाही. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं.

मे महिन्यात आकाशात शेपटीवाला तारा आला. लोक घाबरले होते. कोणी म्हणे हवा विषारी होणार. गावातल्या काही जणांनी येऊन दादाला सांगितलं की तुझं ते यंत्र आता बाहेर काढू नकोस, आधीच वर काहीतरी बिघडलंय. दादाने ऐकलं. त्यामुळे वसंतात अकुत्सु मालकांना दाखवायचं राहून गेलं. मग पाऊस, मग ऑगस्टचा पूर. पुरात गेन्बा गेला आणि आमच्या छपरीत कमरेएवढं पाणी शिरून यंत्राची मागची चौकट मोडली.

त्याच उन्हाळ्यात मालकांचा जावई रेइजिरो फ्रान्समध्ये दोन वर्षं राहून परत आला. मऊ बोलणारा, गोऱ्या हातांचा माणूस. तो एकदा आमच्याकडे आला, पायपट्ट्यांसमोर उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. दादाने त्याला सगळं उलगडून दाखवलं. दोऱ्या कुठून जातात, बिजागरी कशी बसते, सगळं. मी चहा देताना दादाला डोळ्यांनी खुणावलं. नंतर तो मला म्हणाला, "अगं, इंजिन त्यांचं आहे. त्यांच्यापासून काय लपवायचं?"

त्यानंतर त्सुनेजींना मालकांकडून बोलावणी यायला लागली. गिरणीतल्या यंत्रांची कामं आहेत, म्हणायचे. एकदा माझ्यासाठी किमोनोचं कापड घेऊन आले, निळ्या पट्ट्यांचं, उत्तम.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"बायकोला कापड आणायला कारण लागतं?"

मी ते शिवलं आणि नेसलेही.

शरद ऋतूत दादाने आपल्या पायपट्ट्यांची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की तशाच युक्तीचा अर्ज रेइजिरोच्या नावाने आधीच आलेला आहे. दादाने पुन्हा लिहिलं, मी फेब्रुवारीतच हे लावून उडालो, साक्षीदार आहे. मग तोक्योहून तिघं चौकशीला आले. गावच्या शाळेच्या दालनात बैठक ठरली. दादाला काळजी अशी नव्हतीच. आदल्या दिवशी दाढी करताना म्हणाला, "त्सुनेजी सांगेल. तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो."

शेजारच्या बायकांबरोबर मी चहा द्यायला गेले होते. सरकत्या दाराच्या मागे आम्ही बसलो होतो, दार वीतभर उघडं. तिघांपैकी जे वयस्क होते त्यांनी त्सुनेजींना विचारलं, "फेब्रुवारीत नागुरा यांचं यंत्र जमिनीवरून उठलं का?"

माझे यजमान म्हणाले, "नाही. वाळूवर उड्या मारल्या. उडणं म्हणता येणार नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शेजारीण माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा कळलं की बरोबर ऐकलं.

"आणि पंखांची टोकं हलवणाऱ्या पायपट्ट्या? त्या तेव्हा होत्या?"

"नव्हत्या. त्या उन्हाळ्यात रेइजिरो साहेबांनी सुचवल्यावर बसवल्या."

दादा उठला नाही, ओरडला नाही. गुडघ्यांवर बसल्या बसल्या तो त्सुनेजींकडे वळला आणि म्हणाला, "त्सुनेजी, त्या दिवशी माझ्या चपला तू पाण्यातून का आणल्यास?"

चौकशीला आलेले तिघं दोघांकडे बघायला लागले, तसं दादा पुढे म्हणाला,

"मी अलीकडेच राहिलो असतो, तर चपला पलीकडे कशाला न्यायच्या होत्या? सांग ना. तू छातीपर्यंत भिजला होतास."

त्सुनेजींची मान खाली होती. मग ते म्हणाले, "यंत्र आम्ही आधीच नावेतून पलीकडे नेलं होतं. पलीकडची वाळू सपाट होती म्हणून. गेन्बा म्हातारा असता तर त्याने सांगितलं असतं."

मेलेल्या माणसाला त्यांनी असं साक्षीला उभं केलं. माझ्या हातातून चहाचं तबक कधी खाली गेलं, मला समजलं नाही. मी दार सरकवलं आणि आत गेले.

"मी पाहिलंय," मी म्हणाले. "मी तिथे होते. चाकांखाली उजेड होता. पाण्यावरून गेला तो."

"आपण कोण?"

"नागुरा उनोसुकेची बहीण. आणि यांची बायको." मी त्सुनेजींकडे बोट केलं.

वयस्क गृहस्थांनी त्यांना विचारलं, "या होत्या तिथे?"

माझे यजमान माझ्याकडे न बघता म्हणाले, "होती. पण भीतीने तिने डोळे झाकून घेतले होते. आणि भावावर तिची फार माया आहे. तिला जे वाटतं ते ती मनापासूनच सांगतेय."

किती हळुवारपणे म्हणाले! आजारपणात पेज देताना बोलायचे, अगदी त्याच आवाजात. त्या गृहस्थांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि लेखणी खाली ठेवली. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्यासमोर जे आलं त्यावर त्यांनी निकाल दिला.

घरी आल्यावर मी चूल पेटवली नाही. त्सुनेजी उंबऱ्यापाशी बसून राहिले.

"का?" मी विचारलं.

"इंजिन मालकांचं होतं. उद्या ते विमानांचा कारखाना काढणार आहेत. मला मुख्य कारागीर करतायत. सायकलींची पंक्चरं काढत मरू का मी?"

"एवढ्यासाठी?"

त्यावर ते उसळले. "एवढ्यासाठी! चाकं कोणी बनवली? चौकट कोणी जोडली? दहा वर्षं! आणि एकदा, फक्त एकदा बसू दे म्हटलं तर तुम्ही दोघं माझ्या वाडग्यावर हसलात. लोक मला काय म्हणून ओळखणार होते? उनोसुके उडाला आणि त्सुनेजी त्याच्या चपला घेऊन मागे पळाला! चपला, किसे, चपला!"

मला त्यांचं दुःख कळलं. ते खोटं नव्हतं. म्हणूनच मी त्या दिवशी घर सोडलं नाही. मी म्हटलं, "दादाने तुम्हाला बसू द्यायला हवं होतं. मी हसायला नको होतं. पण मी डोळे झाकले होते, असं तुम्ही म्हणालात. मी कधी झाकले डोळे?"

ते उठून दुकानात गेले.

पुढचा वसंत आला. अकुत्सु मालकांच्या कारखान्यात यंत्र तयार झालं. आमच्या दादाच्याच यंत्राचं थोडं मोठं भावंड, नवं फ्रेंच इंजिन लावलेलं. कवायतीच्या मैदानावर रेइजिरो उडणार असं जाहीर झालं. तीन गावांचे लोक आले, मिठायांची दुकानं लागली. मी गेले नाही. उड्डाण उत्तम झालं, मैदानाला दोन घिरट्या घालून रेइजिरो उतरला. दुसऱ्या दिवशी शेजारणीने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की आदल्या संध्याकाळी मुख्य कारागीर इसोगाई यांनी दूरदृष्टीने पायपट्ट्यांच्या तागाच्या दोऱ्या काढून पोलादी तारा बसवल्या. सकाळच्या दमट हवेत दोऱ्या आखडल्या असत्या तर अनर्थ ओढवला असता.

मी दुपारी दादाकडे भाजी द्यायला गेले. तो माग दुरुस्त करत होता. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "तारा घातल्या ना त्यांनी?"

"तुला कसं माहीत?"

"मी परवा मैदानाच्या कुंपणापाशी गेलो होतो. लांबूनच बघितलं, तागाच्या दोऱ्या. ओल लागली की त्या आखडतात, एक पंख वरच अडकून बसतो. मागावर आपण हे किती वेळा पाहिलंय. मी त्सुनेजीला फाटकावर बोलावून सांगितलं."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. मान हलवली. माझ्याकडे बघत नव्हता." दादाने एक खुंटी ठोकली. "पण घातल्या ना? मग झालं."

"मग झालं? दादा, पेपरात त्यांचं नाव आलंय! दूरदृष्टी म्हणे!"

"अगं, तो जावई मेला असता."

त्या संध्याकाळी मी यजमानांना एकच प्रश्न विचारला, "तारांचं तुम्हाला कोणी सांगितलं?" ते उठून पाय धुवायला गेले. पहिल्या खेपेला त्यांच्या मनात राग होता, दहा वर्षांची आग होती, ते मी समजू शकले होते. या खेपेला तसं काही नव्हतं. ज्या माणसाला त्यांनी बुडवलं तो चालत येऊन त्यांना वाचवून गेला, आणि त्यांनी तेही आपल्या खिशात घातलं. सकाळी मी कपड्यांचं गाठोडं बांधलं. निळ्या पट्ट्यांचा किमोनो खुंटीवर ठेवला.

ते म्हणाले, "किसे, लोक काय म्हणतील?"

"तुम्ही सांगा त्यांना काहीतरी. तुम्हाला येतं."

दादाने मला दारात बघितलं आणि रागावला. "माझ्यामुळे संसार मोडू नकोस."

"तुझ्यामुळे कोण मोडतंय? तुझं यंत्र गेलं म्हणून नाही आले मी. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं त्यांनी झालंच नाही म्हणून सांगितलं, आणि मलाच वेडी ठरवलं. त्या माणसाने उद्या पाऊस पडतोय म्हटलं तरी मला बाहेर हात काढून बघावं लागेल." दादाने मग माझं गाठोडं घेतलं.

आम्ही दोघं सात वर्षं एकत्र राहिलो. त्याने पुढे इंजिनाचं यंत्र केलं नाही. धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी एक कळ त्याने बनवली, ती आज या भागात घरोघर आहे. मी म्हटलं, नोंद कर. तो म्हणाला, "नको बाई. त्या कागदाला साक्षीदार लागतात." कोणीही सुतार आला की तो त्याला कळ उघडून दाखवायचा. वरून हसतमुख असायचा, पण रस्त्यात सायकलची घंटी वाजली की त्याचा रंधा थांबायचा, हे मला रोज दिसायचं. त्सुनेजींचं नाव त्याने घरात कधी काढलं नाही. वाईटही बोलला नाही. मला वाटायचं, एकदा तरी शिव्या दे रे, मोकळा हो. एकदा त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "नाही म्हणायचं होतं तर मला आधी सांगायचं. मी दाढी तरी केली नसती." आणि तो हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

ताइशो राजवटीच्या सातव्या वर्षी तापाची मोठी साथ आली. दादा पाच दिवसांत गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

मातीला सगळी गल्ली आली होती. साथीची भीती होती तरी आली, कारण प्रत्येकाच्या घरात त्याच्या हातचा माग होता. भिक्षूंचे मंत्र चालले असताना दारात त्सुनेजी दिसले. केस पांढरे झालेले, अंगावर चांगला काळा पोशाख, हातात कारखान्याची टोपी. लोकांनी त्यांना वाट दिली. त्यांनी उदबत्ती लावली, कपाळ टेकवलं आणि बराच वेळ उठले नाहीत. मग माझ्यासमोर येऊन बसले. आवाज इतका खाली की मलाही जेमतेम ऐकू आलं.

"उडाला होता तो," ते म्हणाले. "पाण्यावरून गेला. पार पलीकडे."

आठ वर्षं मी ते शब्द ऐकायला थांबले होते. वाटलं होतं, ऐकले की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

"मला काय सांगता?" मी म्हणाले. "मी तिथेच होते. हे लोक बसलेत ना, त्यांना सांगा."

त्यांनी मान वळवून बघितलं. तीस-चाळीस माणसं बसली होती. अकुत्सु मालकांचे कारकून होते, शाळेचे मास्तर होते, दादाला डोमकावळा म्हणणारे सगळे होते. त्सुनेजींनी ओठ उघडले. मी वाट बघत होते. खरंच वाट बघत होते, त्या क्षणापर्यंत माझी आशा सुटली नव्हती.

मास्तरांनी विचारलं, "इसोगाईसाहेब, काही बोलायचंय का?"

"नाही," ते म्हणाले. "बालमित्र होता माझा. फार वाईट झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, टोपी घातली आणि ते निघून गेले. मी उठले, आणि आलेल्या मंडळींना चहा द्यायला आत गेले.